जोडणीची हमी नसता सक्ती का?

मार्च २०२५ अखेर भारतातील ब्रॉडबँड जोडण्यांची संख्या सुमारे ९४ कोटींवर गेली. त्यांपैकी तारेने घरात येणाऱ्या जोडण्या सुमारे चार कोटी. उरलेल्या सुमारे ९० कोटी बिनतारी, म्हणजे बहुतांशी खिशातल्या मोबाइलवरच्या. मार्च २०१४ मध्ये सर्व प्रकारच्या मिळून जोडण्या सहा कोटींच्या घरात होत्या. अकरा वर्षांत पंधरा पटींची अशी वाढ रस्ते, वीज, पाणी वा शाळा यांपैकी कोणत्याही सार्वजनिक सोयीच्या वाट्याला आलेली नाही. तिचे कौतुक करताना हात आखडता घेण्याचे काहीच कारण नाही.

परंतु याच काळात दुसरीही एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. रेशन दुकानातील अंगठा, रोजगार हमीच्या कामावरील हजेरी, शेतातील उभ्या पिकाची नोंद, महाविद्यालयाचा प्रवेश-अर्ज, अनुदानासाठीची ओळख-पडताळणी असे सरकार आणि नागरिक यांच्यातील व्यवहार एकामागून एक या जाळ्यावर आले. जी सोय होती ती पाहता पाहता अट झाली. अट घातली गेली, की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. चैनीची वस्तू कोणाला मिळाली नाही तर राज्यसंस्थेला जाब विचारता येत नाही. पण एखादी सेवा वापरल्यावाचून हक्काचे धान्य वा हक्काची मजुरी मिळणार नसेल, तर ती सेवा प्रत्येकाच्या दारापर्यंत पोचविण्याची हमी सक्ती करणाऱ्यानेच द्यावयास हवी. भारतातील बिनतारी ब्रॉडबँडच्या वाढीचे मूल्यमापन या कसोटीवर अद्याप झालेले नाही.

टंचाईकडून विपुलतेकडे

१९९१ साली साऱ्या देशात मिळून सुमारे ५० लाख दूरध्वनी होते आणि नव्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे नाव लावून थांबावे लागे. १९९५ च्या ३१ जुलैला देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले, आणि पंधरवड्यात, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. प्रारंभी मोबाइलवरील एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे. कंपन्यांनी बोली लावताना पत्करलेले निश्चित परवानाशुल्क त्यांना पेलवेना आणि वाढ खुंटली. तेव्हा १९९९ च्या धोरणाने ते शुल्क काढून टाकले व उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. सरकारने त्या दिवशी हातचे थोडे सोडले आणि पुढच्या काळात त्याच्या कितीतरी पट मिळविले. हा धडा पुढे विसरला गेला, हे ओघाने दिसेलच.

ब्रॉडबँडचे पहिले स्वतंत्र धोरण २००४ मध्ये आले. त्या वेळी सेकंदाला २५६ किलोबिट इतका वेग ब्रॉडबँड या नावास पुरेसा समजला गेला. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिटवर आणि २०२३ मध्ये दोन मेगाबिटवर नेण्यात आली. २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्या देण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मजल गेली. सरकारी कंपनीच्या तांब्याच्या तारा इतर सेवादात्यांनाही वापरू द्याव्यात, ही दूरसंचार नियामक प्राधिकरणाची म्हणजे ट्रायची शिफारस सरकारने स्वीकारली नाही. नव्या तारा टाकावयाच्या तर दर नगरपालिकेकडे खोदाईची परवानगी मागणे आले. अशा रीतीने तारेचा रस्ता अडला आणि देशाने आकाशातील वाट धरली.

२०१० मध्ये ३जी व बिनतारी ब्रॉडबँडच्या लहरींचे लिलाव झाले. २०१२ मध्ये कोलकात्यात पहिली ४जी सेवा सुरू झाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओने बाजारात पाऊल टाकले आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत सेवा जवळजवळ फुकट दिली. पुढचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सुमारे २६९ रुपये पडत. दहा वर्षांनी तो दर नऊ रुपयांच्या आसपास आला. आज एक ग्राहक महिन्याला सरासरी वीस जीबीहून अधिक डेटा वापरतो. यूपीआयचे मासिक व्यवहार ऑगस्ट २०२३ मध्ये एक हजार कोटींच्या वर गेले. भाजीच्या गाडीवरचा चौकोनी ठिपक्यांचा कागद हा त्या स्वस्ताईचाच पुरावा.

माहिती स्वस्त झाल्याने गरिबाचे खरोखरच भले होते, याविषयी अर्थशास्त्रात आता फारसा वाद उरलेला नाही. रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावरील तारली मासळीच्या बाजाराचा केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ ते २००१ या काळात तेथे मोबाइल आला. होडीतूनच कोणत्या बंदरावर काय भाव आहे हे कळू लागल्यावर एका बंदरावर मासळी फेकून देण्याची आणि शेजारच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतण्याची पाळी संपली. मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि तरीही ग्राहकाला पडणारा भाव चार टक्क्यांनी उतरला. नुसत्या बोलण्याच्या मोबाइलने हे साधले असेल, तर ब्रॉडबँडकडून अधिकाची अपेक्षा बाळगणे गैर नाही. मात्र हा लाभ किनाऱ्यावर रेंज होती म्हणूनच झाला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

लहरींचा लिलाव

आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले होते. २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने २जीचे १२२ परवाने रद्द केले. मर्जीतल्यांना स्वस्तात लहरी वाटण्याच्या प्रकाराला त्यामुळे पायबंद बसला, हे योग्यच झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत देताना, नैसर्गिक साधनसंपत्तीच्या वाटपाची लिलाव ही एकमेव घटनामान्य पद्धत नव्हे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. पण राज्यकर्त्यांनी पहिलाच निकाल ध्यानात ठेवला. लहरीचा लिलाव हा तूट भरून काढण्याचा हमखास मार्ग ठरला. २०१० च्या लिलावांतून सुमारे एक लाख सहा हजार कोटी आणि २०२२ च्या ५जीच्या लिलावातून सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली आल्या.

या दृष्टीचा परिणाम ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याने दाखवून दिला. कमी वारंवारितेची लहर दूरवर जाते, भिंती आणि झाडी भेदते. थोड्या टॉवरांत मोठा मुलूख झाकते. उच्च वारंवारितेची लहर अधिक डेटा वाहते, पण तिचा पल्ला आखूड असतो. साहजिकच पहिली खेड्यापाड्यांच्या आणि डोंगराळ भागांच्या उपयोगाची, तर दुसरी दाट वस्तीच्या शहरांची. खेड्यांना उपयोगी पडणाऱ्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींची आधारभूत किंमत इतकी चढी ठेवली गेली, की २०१६ आणि २०२१ या दोन्ही लिलावांत त्यांना एकही गिऱ्हाईक मिळाले नाही. त्या विकल्या गेल्या २०२२ मध्ये. जमीन पडीक ठेवली तर निदान गवत उगवते. न वापरलेली लहर त्या त्या क्षणी कायमची वाया जाते. त्या सहा वर्षांत तिजोरीलाही काही मिळाले नाही आणि खेड्यालाही नाही.

दुसरा परिणाम बाजाराच्या रचनेवर झाला. एके काळी एकेका परिमंडळात दहा-बारा कंपन्या होत्या. काहींचे परवाने गेले, काही दिवाळखोरीत निघाल्या, काही विलीन झाल्या. २४ ऑक्टोबर २०१९ च्या निकालाने समायोजित महसुलावरील थकबाकीचा डोंगर उरलेल्यांवर कोसळला. आज तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच खेळाडू उरले असून बिनतारी ब्रॉडबँडच्या दर पाच ग्राहकांपैकी चार ग्राहक पहिल्या दोन कंपन्यांकडेच आहेत. तिसरी व्होडाफोन आयडिया. तिच्या थकबाकीचे भागभांडवलात रूपांतर होऊन २०२५ मध्ये सुमारे ४९ टक्के हिस्सा केंद्र सरकारकडे आला. ज्याने लहरींचा लिलाव पुकारला तोच बोलीच्या भाराने वाकलेल्या कंपनीचा भागीदार झाला, असा हा विचित्र योग आहे. बीएसएनएलला स्वदेशी ४जीचे देशव्यापी जाळे उभारावयास सप्टेंबर २०२५ उजाडले. पहिली खासगी ४जी सेवा सुरू झाली त्यानंतर तेरा वर्षांनी. स्पर्धेमुळे आलेली स्वस्ताई स्पर्धक उरले नाहीत तर किती दिवस टिकेल? २०१९ आणि २०२१ च्या दरवाढींपाठोपाठ जुलै २०२४ मध्ये दर साधारण दहा ते पंचवीस टक्क्यांनी वाढले, ही पुढच्या दिवसांची चाहूल समजावी.

सरासरीत हरवलेली माणसे

नव्वद कोटी जोडण्या म्हणजे नव्वद कोटी माणसे नव्हेत. एकाच्या खिशात दोन सिम असतात आणि दुसऱ्या घरात पाच माणसांत एक फोन असतो. तो फोन सकाळी कर्त्या पुरुषाबरोबर कामावर जातो. मागे राहिलेल्या स्त्रीच्या आणि मुलांच्या वाट्याला तो रात्री येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के आढळले, तर स्त्रियांचे ३३ टक्के. हे आकडे आता पुढे सरकले असतील. पण दरी किती खोल होती ते त्यांवरून कळते.

दर कमी आहेत, हे राष्ट्रीय सरासरी उत्पन्नाशी ताडून पाहिले तर निर्विवाद खरे आहे. पण मजुराच्या हिशोबाने पाहिले तर? जुलै २०२४ नंतर रोज दीड जीबीच्या साध्या रिचार्जला अठ्ठावीस दिवसांना सुमारे तीनशे रुपये पडू लागले. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे एका रिचार्जला एका दिवसाची पूर्ण मजुरी. शिवाय अठ्ठावीस दिवसांचा हा महिना वर्षात बारा वेळा नव्हे, तेरा वेळा येतो. मजुरीच्या दिवसांचीच जेथे शाश्वती नाही, तेथे वर्षाकाठी तेरा दिवसांची कमाई एका फोनवर जाणे ही हलकी गोष्ट नव्हे. ज्यांना केवळ बोलावयाचे आहे त्यांच्यावर डेटाचा बोजा नको, म्हणून ट्रायला डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना निराळे पॅक देण्याचा आदेश काढावा लागला, हे पुरेसे बोलके आहे.

ज्यांच्याकडे फोनही आहे आणि पैसेही आहेत, पण रेंज नाही, त्यांची गोष्ट वेगळीच. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे एवढी गावे जाळ्याबाहेर आहेत ही सरकारचीच कबुली. मेळघाट, सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुवा, गडचिरोलीचा दक्षिण भाग येथील पाड्यांवर कंपन्या का जात नाहीत, याचे उत्तर सोपे आहे. टॉवरचा उभारणी-खर्च पुण्यात आणि पाड्यावर जवळजवळ सारखाच. किंबहुना रस्ता व वीज नसल्याने पाड्यावर तो अधिकच. उत्पन्न मात्र दशांशानेही नाही. नफ्यासाठी धंदा करणाऱ्या कंपनीने तेथे स्वेच्छेने जावे, ही अपेक्षा बाजाराच्या स्वभावाशी विसंगत आहे. हे अंतर भरून काढण्याचे काम सार्वजनिक पैशाचेच असते. त्यासाठी कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीत घेतली जाते. डिजिटल भारत निधी हे तिचे आताचे नाव. या निधीतील कित्येक हजार कोटी रुपये खर्चावाचून पडून राहिल्याचे वेळोवेळी संसदेपुढे आले आहे. अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. ती दोन वर्षांत पुरी व्हावयाची होती. २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी एक लाख ३९ हजार कोटी मंजूर करावे लागले. बिनतारी जाळेही अखेर तारेवरच उभे असते. टॉवरपर्यंत भक्कम फायबर नसेल तर फोनवर ४जीची अक्षरे दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

हमीवाचून सक्ती

अशा विषम पायावर सरकारने आपल्या सेवांची इमारत चढविली आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने गाव नमुना बारामध्ये करावयाची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून मोबाइलवर करावयाची असे ठरले. या नोंदीवर पीक कर्ज, विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी अवलंबून असते. कल्पना चुकीची नव्हती. चावडीत बसून, शेत न पाहताच पिके लिहिण्याची जुनी रीत काही आदर्श नव्हती आणि ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण रेंज नाही, सर्व्हर चालत नाही, अशा तक्रारी हंगामामागून हंगाम येत राहिल्या, मुदती वाढवाव्या लागल्या, पुढे मदतीला सहायकही द्यावे लागले. ज्याची नोंद राहिली त्याचे पीक शेतात असूनही कागदावर नाही. अतिवृष्टीने ते गेले तर भरपाई कशाची मागावयाची?

रोजगार हमीच्या बाबतीत असेच घडले. ही कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम देण्याचे बंधन सरकारवर आहे, हा त्या कायद्याचा गाभा. १ जानेवारी २०२३ पासून देशभर अशा कामांवर मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी मोबाइलवरून पाठविणे सक्तीचे करण्यात आले. खोट्या हजेऱ्या रोखण्याचा हेतू रास्त होता. तथापि माती खणून झाली, घाम गाळून झाला आणि छायाचित्र चढले नाही, तर तो दिवस कोणाच्या खाती? हमी सरकारने दिलेली आणि रेंज कंपनीची. दोहोंच्या मधल्या फटीत मजुराची मजुरी सापडली.

करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या तेव्हा कोकणातील मुले रेंजसाठी डोंगरमाथ्यावर जाऊन बसल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली आणि त्यांच्या जिद्दीचे कौतुक झाले. जिद्द कौतुकास्पद होतीच. पण शिक्षणाच्या हक्कासाठी मुलांना डोंगर चढावा लागतो, ही कोणाची तरी नामुष्कीही होती.

आणखी एक गोष्ट. शांतता-सुव्यवस्थेच्या कारणास्तव इंटरनेट बंद करणे हे भारतात प्रशासनाचे नेहमीचे हत्यार झाले आहे. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेले ४जी फेब्रुवारी २०२१ मध्ये पूर्ववत झाले. मणिपूरमध्ये मे २०२३ नंतर कित्येक महिने मोबाइल इंटरनेट बंद होते. इंटरनेटवरून होणाऱ्या अभिव्यक्तीला आणि व्यवसायाला घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. अन्न, मजुरी आणि औषधपाणी ज्या जाळ्यावर टांगले आहे ते एका आदेशाने बंद करता येत असेल, तर त्या काळात हे व्यवहार कसे चालावयाचे, याचे उत्तर आदेश काढणाऱ्याजवळ तयार हवे.

काय करावयास हवे

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या सेवेसाठी मोबाइलची अट आहे त्या प्रत्येक सेवेला कागदावरचा, कार्यालयातला पर्याय कायद्याने ठेवला पाहिजे. आणि जाळे न चालल्याचा भुर्दंड नागरिकावर पडणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले पाहिजे. यास फार पैसा लागत नाही. लागते ती प्रशासनाची इच्छा.

दुसरी गोष्ट, लहरी देताना रकमेइतकाच व्याप्तीचाही करार हवा. अमुक वर्षांत अमुक तालुक्यांतील अमुक पाडे झाकले नाहीत तर दंड, आणि झाकले तर शुल्कात सूट, असा सौदा १९९९ च्या धड्याशी सुसंगत ठरेल. यामुळे लिलावाचे उत्पन्न घटेल, हा आक्षेप खरा आहे. पण तिजोरीत आज येणारी रक्कम कंपनी उद्या ग्राहकाकडूनच वसूल करते. म्हणजे तो एक प्रकारचा अप्रत्यक्ष करच आणि गरिबावर त्याचा भार अधिक.

तिसरी गोष्ट मालकीवाचून वापराची. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओने ही किमया करून दाखविली होती. घरात दूरध्वनी नसलेल्याला नाक्यावर दूरध्वनी मिळाला आणि हजारो अपंग व बेरोजगारांना व्यवसाय मिळाला. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना त्याच धर्तीवरची. किराणा दुकानदारानेही सार्वजनिक वाय-फाय द्यावे ही तिची कल्पना. २०१८ च्या धोरणात २०२२ पर्यंत अशी एक कोटी ठिकाणे उभारण्याचे उद्दिष्ट होते. देश त्याच्या जवळपासही पोचलेला नाही. ग्रामपंचायतीपर्यंत आलेले फायबर पंचायतीच्या कपाटात धूळ खात न राहता शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि रेशन दुकान यांच्यापर्यंत गेले, तर फोन नसलेल्या माणसाचेही काम अडणार नाही.

चौथी गोष्ट मोजमापाची. एकूण जोडण्या किती, हा प्रश्न आता पुरे झाला. किती गावांत बाराही महिने चालणारी रेंज आहे, किती स्त्रियांच्या हाती स्वतःचा फोन आहे आणि जाळे न चालल्यामुळे किती जणांचे धान्य वा मजुरी अडली, हे आकडे तालुकावार प्रसिद्ध झाले पाहिजेत. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा आपल्याकडील जुना अनुभव आहे.

बाजाराने स्वस्ताई आणली. तिचे श्रेय बाजाराला द्यावे. पण नागरिकाचा हक्क बाजाराने दिलेला नसतो, राज्यघटनेने दिलेला असतो. तो रिचार्ज संपल्याने वा टॉवर बंद पडल्याने संपू शकत नाही. पाड्यावरच्या माणसाला जाळ्यात आणणे जोवर राज्यसंस्थेला जमत नाही, तोवर जाळ्यात नसल्याबद्दल त्याला शिक्षा करण्याचा अधिकारही तिला नाही.